शिरूरचा किसन, कासुर्डीचे सर

आमच्या ऑफिसात घड्याळ न समजणारा माणूस एकच होता, आणि एम.ए. झालेला माणूसही एकच होता. हे दोघं म्हणजे एकच माणूस, हे मला फार उशिरा कळलं.

ऑफिस शिरूरला, कालव्याच्या कामाचं. दुष्काळ नुकताच सरला होता. जिकडेतिकडे खडी फोडून ठेवलेली, पाट अर्धवट खणलेले, त्यामुळे पाण्याला तोटा असला तरी कागदांना नव्हता. मी तिथे टायपिस्ट होते. अकरावी पास, टायपिंगची परीक्षा पास आणि जिभेला हाड नाही, एवढंच माझं भांडवल. तेवढ्यावर मला साहेबांच्या दाराशेजारची खुर्ची मिळाली होती आणि डोक्यावर पंखा. किसनला मिळालं होतं व्हरांड्यातलं स्टूल.

किसन आमचा शिपाई. पंचविशीचा असेल तेव्हा. उंच, काटकुळा, खाकी कपडे रोज धुतलेले. बोलणं अगदी बेताचं. कुणी काही विचारलं, मग ते पावसाचं असो, निवडणुकीचं असो की साहेबांच्या बदलीचं, त्याचं उत्तर ठरलेलं: "आपल्याला काय कळतंय त्यातलं?" हे तो इतकं खालच्या आवाजात म्हणायचा की पुढे कुणी विचारतच नसे. मला मात्र चीड यायची. मी म्हणायचे, "अरे मेल्या, कधी तरी म्हण की, मला कळतं म्हणून! जीभ झडणार नाही तुझी." तो हसायचा. "तुमी हाय की बाई कळायला," म्हणायचा आणि चहाच्या कपबशा गोळा करून निघून जायचा.

कागदाशी त्याचं वागणं तर बघत राहावं असं. फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरायची, मान ताठ, नजर समोर भिंतीवर. चुकूनही खाली बघायचं नाही. "न्हावऱ्याच्या पाटाची फाइल आण," असं सांगितलं की विचारायचा, "निळ्या फितीची, का कोपरा फाटल्याली?" पगाराच्या दिवशी सही करताना एकेक अक्षर असं कोरत बसायचा की मागच्या रांगेतली माणसं वैतागायची. "अरे, सही करतोस का रांगोळी काढतोस?" कुणी तरी ओरडायचं. तो म्हणायचा, "हात जड हाय जरा."

डोळे बारीक करून बघायची त्याला सवय होती. लांबून येणारं माणूस त्याला चालीवरून ओळखू यायचं, चेहऱ्यावरून नाही. एकदा साहेबांचे मेहुणे आले, चाल अगदी साहेबांसारखी. हा उठून उभा राहिला, त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना थेट साहेबांच्या खुर्चीत नेऊन बसवलं! खरे साहेब मागून आले ते दारातच थबकले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

आणि मग ते घड्याळ. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, पण किसन कधी त्याच्याकडे बघून वेळ सांगायचा नाही. "किती वाजले रे?" म्हटलं की माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, "बाई, किती वाजलं?" हे आमच्या हेडक्लार्क अण्णांच्या ध्यानात आलं. अण्णा म्हणजे देवमाणूस, पण एखाद्याचं भलं करायचं डोक्यात घेतलं की त्याची सुटका नाही. "सातवी पास आणि घड्याळ कळेना! काय शाळा काढल्यात सरकारनं!" असं म्हणून त्यांनी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर आकडे काढले, मधोमध टाचणीनं दोन काटे लावले आणि जेवणाच्या सुट्टीत किसनची शाळा सुरू केली.

"मोठा काटा बारावर, लहान पाचावर. सांग किती?"

किसन पुठ्ठ्याकडे बघत राहायचा. कपाळाला आठ्या. "पाच?"

"शाब्बास! आता मोठा सहावर नेला. आता?"

"सहा?"

"अरे गाढवा, साडेपाच!" आणि अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू.

काही दिवसांनी किसन घड्याळ शिकला; भिंतीवरच्या घड्याळाच्या अगदी खाली जाऊन, डोळे बारीक करून वेळ सांगायला लागला. अण्णांनी स्वतःच्या पैशांनी पेढे आणले. किसन त्यांच्या पाया पडला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळे म्हणाले, "अण्णा, तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं." मीसुद्धा म्हणाले. पुढे किती तरी वर्षं अण्णा ही गोष्ट नव्या माणसाला सांगत असत, आणि किसन बाजूला उभा राहून मान हलवत असे.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. माझी थोरली बहीण दौंडला दिलेली, तिचे यजमान रेल्वेत गार्ड. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी तिच्याकडे जायची. शिरूरची एस.टी. न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायची, तिथे चहासाठी थांबायची आणि मग दौंडकडे वळायची. किसनही पुष्कळदा त्याच गाडीत मागच्या बाकावर असायचा. त्याचं गाव कासुर्डी, यवतजवळ, म्हणजे चौफुल्यावरून पुण्याच्या बाजूला. तो तिथे उतरायचा आणि मी पुढे जायचे.

एकदा गाडी चौफुल्याला थांबली. किसन उतरला आणि पिशवी घेऊन हॉटेलच्या मागे गेला. मी खिडकीत चहा पीत होते. थोड्या वेळानं हॉटेलच्या मागून एक माणूस आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची विजार, काळ्या काड्यांचा चष्मा. मी म्हटलं, हे कोण बाई नवीन? आणि बघते तर तो किसन! चालसुद्धा वेगळी. शिरूरला जमीन चाचपत चालणारा हा माणूस भराभरा रस्ता ओलांडून गेला. लांबून येणाऱ्या गाडीची पाटी त्यानं वाचली आणि ती आपली नाही म्हणून मान फिरवली. सायकलवरून जाणारा एक जण खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "जय भीम, सर!"

"जय भीम, जय भीम," किसन म्हणाला. आवाजही वेगळा होता.

सोमवारी मी त्याला गाठलंच. "काय रे, मुलगी बघायला गेला होतास की काय? चष्माबिष्मा लावून?" मी आपली थट्टा केली. त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. "बाई, पाया पडतो, हितं कुनाला सांगू नका," म्हणाला. मी इतकी तोंडाळ, पण त्याचा तो चेहरा बघितला आणि पुढे एक शब्द बोलले नाही.

पुढे एका रविवारी मला ऑफिसात जावं लागलं. तिमाही रिपोर्ट अडकला होता, साहेबांनी निरोप पाठवला होता. उन्हाचं बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. कुलूप काढलेलं होतं, म्हणजे किसन झाडायला आला असणार. आत पाऊल टाकलं तर मीटिंगच्या खोलीतून आवाज. एक माणूस बोलत होता. स्वच्छ, शुद्ध, ठाशीव मराठी. मला वाटलं, पुण्याहून कुणी मोठे साहेब आलेत.

दार लोटलेलं होतं. फटीतून बघितलं. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या आणि समोर किसन उभा होता. अंगात खाकी, डोळ्यांवर चष्मा. घाटातून रेल्वे वर कशी आली ते तो सांगत होता. डोंगर कुणी फोडला, माणसं कुठून आणली, पटकीच्या साथीनं मजुरांचे किती तळच्या तळ ओस पडले, आणि ज्यांनी रूळ टाकले त्यांचं नाव कुठल्याच दगडावर का नाही. अगं बाई, मी त्याच घाटातून इतक्या वेळा गेले होते, पण खिडकीतून वेफर खाण्यापलीकडे मला कधी काही सुचलं नव्हतं. रिपोर्ट राहिला बाजूला. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. शेवटी तो थांबला, पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि खरंच उत्तराची वाट बघत राहिला. खुर्ची काय बोलणार?

मला रडू आलं आणि हुंदका बाहेर पडला. त्यानं दचकून चष्मा काढला. "कोन हाय?" म्हणाला, आपल्या नेहमीच्या आवाजात. मी आत गेले. म्हटलं, "किसन, आता पुरे. खरं सांग तू कोण आहेस."

तो खुर्चीवर बसला. माझ्यासमोर तो खुर्चीवर बसला असा तो पहिलाच दिवस. मग बोलला, त्या दुसऱ्या आवाजात.

वडील रेल्वेत गँगमन. त्यांना तो आबा म्हणायचा. रूळ उचलून उचलून आबांची पाठ वाकली, पण पोराला त्यांनी शिकवायचं सोडलं नाही. पोरगं इतिहास घेऊन एम.ए. झालं. कासुर्डीच्या त्यांच्या वस्तीत पहिलंच. वस्तीनं बँड लावून मिरवणूक काढली. पण क्लास तिसरा. कॉलेजं म्हणायची, क्लास कमी पडतो. ऑफिसांत गेला तर म्हणायचे, एम.ए.? मग तुम्ही इथे कशाला टिकताय? चार दिवसांत सोडून जाल. "वर चढायला क्लास कमी, बाई, आणि खाली उतरायला शिक्षण जास्त," तो म्हणाला. "जिन्यात अडकलो होतो." दोन वर्षं अशी गेल्यावर त्यानं पुढचं सगळं शिक्षण घरी ठेवलं आणि फक्त सातवीचा दाखला घेऊन आमच्या ऑफिसात आला. आठवड्यात नोकरी लागली.

घरी तो एवढंच म्हणाला, शिरूरला नोकरी लागली. एम.ए. झालेल्या पोराला शिरूरला नोकरी म्हणजे कॉलेजातच, दुसरं काय? आबांनी वस्तीभर साखर वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांचा सर झाला. जयंतीला भाषण त्याचंच, पोरांचे दाखले बघायचे त्यानंच.

"मी खोटं एकदाही बोललो नाही," तो म्हणाला. "फक्त गप्प बसलो. तिकडेही आणि इकडेही."

मी म्हटलं, "अहो, मग साहेबांना सांगा की सरळ. निदान क्लार्क तरी करतील तुम्हाला."

"माहिती लपवली म्हणून आधी काढतील. आणि बाई, तुम्ही मला अहो म्हणू नका. चारचौघांत तोंडातून निघून गेलं तर लोक विचारतील."

"आणि तो चष्मा? चष्म्यानं काय घोडं मारलंय? आंधळ्यासारखा वावरतोस दिवसभर."

तो चष्म्याच्या काड्यांची उघडझाप करत म्हणाला, "चष्मा लावला की अक्षरं दिसतात. दिसली की वाचली जातात, आणि वाचली की तोंडातून काही तरी निघतं. त्यापेक्षा धूसर बरं."

मग मी विचारलं, स्टुलावर बसायचं फार जिवावर येतं का? त्याचं उत्तर मी विसरले नाही. तो म्हणाला, "स्टुलाचं काही नाही. आबांनी उन्हात जन्म काढला, मी सावलीत बसतो. काम करून कुणी लहान होत नाही. पण मला ओळखणारं एकही माणूस नाही, बाई. शिरूरला अर्धा ओळखतात आणि कासुर्डीला अर्धा. आणि 'मला काय कळतंय' असं म्हणता म्हणता आता खरंच कळेनासं व्हायला लागलंय. आज बोलताना दोनदा शब्द सापडेना. म्हणून रविवारी येतो आणि खुर्च्या मांडतो."

तेव्हापासून मी एक करत असे. दुपारी अण्णा जेवून डुलकी काढायला लागले की मी मशीनवर कोरा कागद चढवायची आणि उगाच खडखड टाइप करत राहायची. त्या आवाजाआड किसन टेबलं पुसत पुसत मला इतिहास सांगायचा. माझं बी.ए. असं झालं म्हणा ना! अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "काम करावं तर बाईंनी!" आणि आम्ही दोघं हसू दाबायचो. पण अण्णा नसले की दुसरं कुणी असायचं, साहेबांची घंटा व्हायची, आणि पुन्हा तो आपला व्हरांड्यातल्या स्टुलावर, डोळे बारीक करून.

मी त्याला सारखी टोचायची, "आबांना तरी सांग. बाप आहे, खाणार आहे का तुला?" तो म्हणायचा, "सांगतो, या शनिवारी सांगतो." सोमवारी विचारलं की मान हलवायचा. "वस्तीतली मानसं बसल्याली हुती, बाई." असे किती तरी शनिवार गेले.

आणि मग आबाच आले.

उन्हाळ्याचेच दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारा व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. पांढरं धोतर, पांढरा फेटा, कमरेत वाकलेला, हातात फडक्यात बांधलेलं काही तरी जड. किसन आत साहेबांना चहा द्यायला गेला होता. अण्णांनी मान वर केली. "काय पाहिजे, आबा?"

"कालिजात गेलतो जी," म्हातारा म्हणाला. "तितं म्हनले, ह्या नावाचा सर कोन न्हाई. एक हाय म्हनं कालव्याच्या हापिसात, टपाल घिऊन येतो. म्हनलं, बघावं. आमचं किसन..."

तेवढ्यात आतून किसन आला. हातात ट्रे, त्यात रिकाम्या कपबशा. खाकी कपडे. त्याला आधी म्हातारा ओळखू आला नसावा, कारण तो तसाच पुढे येत राहिला. मग अगदी जवळ आला आणि थांबला.

अण्णा म्हणाले, "हा काय किसन. हाच का तुमचा?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, पायातल्या चपलांपर्यंत. माझी बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली. मनात म्हणत होते, हो म्हणा आबा, एकदा हो म्हणा.

"न्हाई न्हाई," म्हातारा म्हणाला. "आमचा किसन सर हाय. ह्यो न्हवं. ह्यो दुसरा."

"मग तुमची चुकामूक झाली, आबा," अण्णा म्हणाले. "उन्हातून आलात, बसा घटकाभर. किसन, म्हाताऱ्याला पाणी दे."

किसन गेला आणि माठातलं पाणी घेऊन आला. दोन्ही हातांनी पेला पुढे केला. म्हाताऱ्यानं उभ्याउभ्याच तो घेतला आणि सगळा प्यायला, एक थेंब न सांडता. पेला परत दिला. "लई गार हाय," म्हणाला. आणि पायऱ्या उतरून चालू लागला.

अण्णांनी हसून म्हटलं, "बघ रे किसन, तुझ्या नावाचा एक सर आहे म्हणे कुठे तरी. शिक काही तरी त्याच्याकडून!"

"आपल्याला काय कळतंय त्यातलं," किसन म्हणाला आणि कपबशा विसळायला गेला.

मी मात्र उठले. सरळ फाटकापर्यंत पळत गेले. म्हातारा लिंबाखाली उभा होता, फेट्याच्या शेवानं तोंड पुसत. मला बघून त्यानं ते फडक्यातलं गाठोडं माझ्या हातात दिलं. गूळ होता, गुऱ्हाळावरून नुकताच काढलेला. "बाई, त्यो शिपाई हाय न्हवं, पानी दिलं त्यानं, त्याला द्या," म्हणाला. "कालिजातल्या मंडळींसाठी आनला हुता. चांगलं हाय पोरगं." आणि थांबला नाही.

गूळ मी किसनला दिला आणि म्हातारा काय म्हणाला तेही सांगितलं. त्यानं तो गूळ ऑफिसच्या चहात घातला. पुष्कळ दिवस पुरला. अण्णा भुरके मारत म्हणायचे, वा! किसननं स्वतः त्या चहाचा घोट घेतला नाही.

"बाई, त्यांनी मला वाचवलं का टाकलं?" तो मला विचारायचा. मी म्हणायचे, वाचवलं रे, वाचवलं. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. तो म्हणायचा, "तसंच असेल." पण पुन्हा दोन दिवसांनी तोच प्रश्न.

त्या शनिवारी तो ठरवून गेला की आता बोलायचंच. सोमवारी आला तो डोळे सुजलेले. मी विचारलं, "बोललास?"

"आबा बोलूच देत न्हाईत. वस्तीत सांगून ठेवलंय त्यांनी, कालिजात जाऊन आलो म्हनून. लई मोठं कालिज हाय, पोरं उठून हुबी राहत्यात, मी मागच्या बाकावर बसून समदं ऐकलं." त्याचा आवाज फाटला आणि पुढचं तो शुद्धच बोलला. "घरी दोघंच असताना मी म्हटलं, आबा, मला काही सांगायचंय. तर म्हणाले, 'सर, आधी जेवून घ्या.' सर म्हणाले, बाई. घरात. माझा बाप मला अहोजाहो करतो. किसन्या म्हणणारं आता कुणी राहिलं नाही मला."

मी टाइपरायटरवर कोरा कागद चढवला आणि खडखड करत राहिले, म्हणजे अण्णांना त्याचं नाक ओढणं ऐकू जाऊ नये.

पुढे तो दर शनिवारी चौफुल्याला हॉटेलमागे जायचा, पांढरा शर्ट घालून यायचा आणि गावाला जायचा. आबा त्याला पाट मांडून द्यायचे, सर म्हणायचे. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हते. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, खरं सांगते. आणि दया यायची. दोन्ही एकदम. रविवारच्या खुर्च्यांचंही थांबलं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आता काय सांगायचं त्यांना?"

नंतर माझी दौंडला बदली झाली. निघताना अण्णांनी हार घातला आणि किसननं माझी पेटी एस.टी.च्या टपावर चढवली. "येतो बाई," म्हणाला. जात मी होते, पण येतो तो म्हणाला.

चारेक वर्षांनी दौंडच्या स्टेशनावर मी पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. रविवार होता. फलाटाच्या टोकाला, जिथून रूळ वळताना दिसतात, तिथल्या बाकावर खाकी कपड्यांतला एक माणूस बसला होता. डोळ्यांवर काळ्या काड्यांचा चष्मा. खाकी आणि चष्मा एकत्र मी त्या रविवारनंतर पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे ओळखायला वेळच लागला नाही. शेजारी आबा होते. एक हात मांडीवर लुळा पडलेला.

किसन उठून उभा राहिला. "वर्ष झालं, अंगावरून वारं गेलं," तो म्हणाला. "मागचं मागचं बोलतात. गाड्या बघितल्या की शांत असतात, म्हणून रविवारी आणतो. आता कपडे बदलत नाही, बाई. त्यांना कळत नाही."

"किसन्या, कोन रं ह्या?" आबांनी विचारलं. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. किसन्या ऐकून मी किसनकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली.

"बाई हायेत, आबा. शिरूरच्या."

"शिरूर?" म्हाताऱ्यानं माझा हात धरला. चांगला हात, गँगमनचा, अजून घट्ट. "बाई, शिरूरला एक पोरगं हाय. शिपाई. आमच्या किसन्यावानीच दिसतंय. मला पानी दिलं त्यानं. म्या त्याला वळख दिली न्हाई, बाई. म्हनलं, त्याची भाकरी जाईल. पर लई लागलं असंल त्याला. पेला धरला तवा हात कापत हुता त्याचा." आबांचे डोळे भरून आले होते. "कवा दिसला तर सांगा त्याला. म्हातारा रागावला न्हवता म्हनावं."

मी किसनकडे बघितलं नाही. म्हटलं, "सांगते, आबा."

"नक्की सांगा." मग त्यांचं लक्ष रुळांकडे गेलं आणि चेहरा पुन्हा स्वच्छ झाला. "किसन्या, पानी आन रं. आन् आज शाळंत का गेला न्हाईस?"

"सुट्टी हाय आबा," किसन म्हणाला.

तो नळाकडे गेला. माझी गाडी लागली, मी चढले आणि खिडकीत बसले. नळाखाली धरलेला पेला भरून वाहत होता आणि किसन तसाच पाठमोरा उभा होता, चष्मा दुसऱ्या हातात. गाडी हलली तेव्हा तो परत आला, बापासमोर वाकला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला.